एका बाळामागे एक दात?

दिल्लीची थंडी ऐन भरात असताना आमच्या घरी धाकट्या जावेचे डोहाळजेवण झाले. करोलबागेतील आमचे घर तसे लहानच. परंतु त्या दिवशी पहाडगंजापासून पीतमपुऱ्यापर्यंतच्या मराठी सुवासिनी तेथे जमल्या होत्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाटाभोवती रांगोळी आणि ताटात पुरणपोळीपासून ओल्या नारळाच्या करंज्यांपर्यंत सारे पदार्थ. सातव्या महिन्यातील त्या मुलीने दोन घास घेतले, डावा गाल तळहाताने दाबून धरला आणि ताट हळूच पुढे सरकविले. पाहुण्यांना वाटले, जेवण जात नसेल. घरच्यांना खरे कारण ठाऊक होते. तिची दाढ दुखत होती, आणि ती एका दिवसापासून नव्हे, तर चौथ्या महिन्यापासून दुखत होती.

चौथ्या महिन्यात ती घराजवळच्या एका दंतवैद्याकडे जाऊन आली होती. गरोदर आहे असे सांगताच त्याने तोंडात नीट पाहिलेही नाही. “बाळंतपण होऊ द्या, मग पाहू,” एवढे सांगून त्याने तिला परत पाठविले. आमच्या सासूबाई मूळच्या सांगलीकडच्या. त्यांनी तिची आपल्या परीने समजूत घातली : “बाळाच्या हाडांना चुना लागतो, तो आईच्या दातांतून जातो. एका बाळामागे एक दात द्यावाच लागतो. माझे नाही का गेले?” लवंगेचे तेल, मिठाच्या गुळण्या आणि सोसणे यांवर तीन महिने निघाले. डोहाळजेवणाच्या रात्री मात्र गाल सुजला, अंगात ताप भरला आणि तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयाच्या दंतविभागात नेले. तेथील डॉक्टरबाईंनी तिला कुशीवर कलते बसविले, दाढ बधिर केली, साचलेला पू काढला आणि औषध लिहून दिले. हे सारे तासाभराच्या आत आटोपले. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “तीन महिने उशिरा आलात.”

ते वाक्य मला विशेष लागले. गर्भवतींच्या आरोग्याविषयीचा कितीतरी मजकूर भाषांतरासाठी माझ्या मेजावरून गेला आहे. लोहाच्या गोळ्या केव्हा घ्याव्यात, धनुर्वाताची लस केव्हा टोचावी, वजन किती वाढावे, हे मी अनेकदा मराठीत लिहिले. घरात मात्र त्याच अवस्थेतील मुलगी रोज गाल दाबून बसत असताना “दातांचे काय?” हा प्रश्न मलाही सुचला नाही. ते तीन महिने का वाया गेले, याचा शोध घेताना जे समजले ते वाचक भगिनींपुढे ठेवीत आहे.

समज कोठून आला?

बाळामागे आईचा एक दात जातो, ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. युरोपातील अनेक देशांतही ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या अर्थी इतक्या दूरदूरच्या आजीबाई एकच गोष्ट सांगतात, त्या अर्थी त्यांनी काहीतरी पाहिलेले असले पाहिजे. आणि त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. अमेरिकेतील अडीच हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच आढळले की, ज्यांना मुले अधिक, त्यांचे दात अधिक पडलेले.

निरीक्षण खरे, त्यावरून काढलेले अनुमान तेवढे चुकीचे. बाळाच्या हाडांसाठी कॅल्शियम लागते हे निर्विवाद आहे. नऊ महिन्यांत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम गर्भाकडे जाते आणि त्यातील बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जाते. पण ते आईच्या दातांतून जात नाही. दाताच्या बाहेरच्या कठीण कवचात रक्तवाहिन्या नसतात. दात एकदा तयार झाला की त्यातील कॅल्शियम शरीराला परत काढून घेता येत नाही. त्यासाठी निसर्गाने निराळी तजवीज केली आहे. गरोदरपणात आईचे आतडे अन्नातील कॅल्शियम नेहमीपेक्षा जवळजवळ दुपटीने शोषून घेते. आहारात ते पुरेसे नसेल तर शरीर हाडांतील साठ्याला हात घालते, दातांना नव्हे.

मग दात का जातात? या काळात हिरड्या हुळहुळ्या होतात, उलट्यांमुळे दातांवर आम्ल येते, खाण्याच्या वेळा बदलतात, आणि दुखू लागले तरी उपचार पुढे ढकलले जातात. या चार कारणांपैकी पहिली तीन थोड्या काळजीने आटोक्यात राहतात. चौथे तर सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

हिरड्यांतून रक्त येते तेव्हा

गर्भधारणेनंतर स्त्रीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन या अंतःस्रावांचे प्रमाण पुष्कळ वाढते. त्यांच्यामुळे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात आणि हिरड्या अधिक नाजूक होतात. दातांच्या मुळाशी रोज जंतूंचा एक चिकट पातळ थर जमत असतो. एरवी ज्या थराची हिरडी फारशी दखल घेत नाही, तेवढ्याच थराने या दिवसांत ती लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. हा त्रास साधारणतः दुसऱ्या महिन्यापासून जाणवू लागतो, आठव्या महिन्यापर्यंत वाढत जातो आणि बाळंतपणानंतर हळूहळू ओसरतो. निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना तो कमीअधिक प्रमाणात होतो.

येथे बहुतेक घरांत एक चूक होते. रक्त दिसले की ब्रश बंद केला जातो आणि बोटाने दात चोळण्यावर काम भागविले जाते. खोलीत केर साचला म्हणून केरसुणीच अडगळीत टाकण्यासारखे हे आहे. रक्त येण्याचे कारण तो चिकट थर होय, आणि तो निघाल्याशिवाय रक्त थांबणार नाही. म्हणून ब्रश सोडू नये. मऊ केसांचा घ्यावा, हलक्या हाताने हिरडीच्या कडेपर्यंत फिरवावा आणि सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दोन दोन मिनिटे दात घासावेत. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. दोन वेळा दात घासणे हे काही परक्यांचे फॅड नव्हे. दिवसातून दोनदा दातवण करावे आणि ते करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे चरकसंहितेतही सांगितले आहे.

काही जणींना दोन दातांमधील हिरडीवर लालसर, सहज रक्त येणारी लहान गाठ दिसते. ती पाहून जीव घाबरतो. ती कर्करोगाची गाठ नव्हे, आणि बहुधा बाळंतपणानंतर आपोआप विरते. तथापि स्वतःच तर्क करीत न बसता ती दंतवैद्याला दाखवावी. दातांवर कठीण किटण चढले असेल तर ते ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते, आणि गरोदरपणात ते निर्धास्तपणे काढता येते. ज्या स्त्रियांना या काळात मधुमेह आढळतो, त्यांनी तर हिरड्यांची विशेष काळजी घ्यावी. वाढलेली साखर हिरड्यांचा विकार वाढविते आणि बळावलेला विकार साखर आटोक्यात येऊ देत नाही.

उलट्या आणि डोहाळे

पहिल्या तीन महिन्यांतील उलट्यांबरोबर जठरातील तीव्र आम्ल दातांवर येते आणि त्याने दातांचे कवच काही काळ मऊ पडते. उलटी झाल्यावर तोंड कडू होते म्हणून लगेच खसखसून दात घासण्याची इच्छा होते. नेमके तेच टाळावे. मऊ पडलेले कवच ब्रशने झिजते. त्याऐवजी कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्याने चूळ भरावी आणि पाणी थुंकून टाकावे. सोड्याने आम्ल मारले जाते. सोडा हाताशी नसेल तर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने ब्रश करावा. पेस्टच्या वासानेच मळमळत असेल तर सौम्य चवीची पेस्ट घ्यावी, लहान डोक्याचा ब्रश वापरावा आणि दिवसातून ज्या वेळी मळमळ कमी असेल ती वेळ दात घासण्यासाठी निवडावी.

डोहाळे हा शब्द संस्कृतातील ‘दोहद’ या शब्दापासून आला. गर्भवतीची इच्छा ही दोन जिवांची इच्छा, असे आपले पूर्वज मानीत. ती पुरविण्यास या लेखाचा विरोध नाही. महाराष्ट्रात असताना चिंच आणि कैरी, दिल्लीत आल्यावर गोलगप्पे, आणि हिवाळ्यात गजक व रेवडी, असे आमच्या घरच्या डोहाळ्यांचे स्वरूप आहे. दातांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे. गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की तोंडातील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते सुमारे अर्धा तास दातांवर आपले काम करीत राहते. रेवडीची पुडी उशाशी ठेवून दिवसभर एकेक दाणा चघळला, तर दातांना विसावा असा मिळतच नाही. तीच रेवडी जेवणाच्या शेवटी एकदम खावी आणि चूळ भरावी. मधल्या वेळी भूक लागेल तेव्हा भाजलेले चणे, शेंगदाणे, ताक, पनीरचा तुकडा किंवा काकडी जवळ असावी. रात्री उठून काही खाल्ले तर पाण्याने तोंड धुतल्याशिवाय पुन्हा झोपू नये.

कॅल्शियम हवे, पण कशासाठी?

आईच्या दातांतील चुना बाळाकडे जात नाही, याचा अर्थ कॅल्शियमची चिंता नको, असा कोणी करू नये. ते आईच्या हाडांसाठी आणि बाळाच्या हाडांसाठी व दातांसाठी हवे. बाळाच्या दुधाच्या दातांचे अंकुर गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास उगवू लागतात आणि चौथ्या महिन्यात ते कठीण होऊ लागतात. पहिला दात हिरडीबाहेर डोकावतो तो जन्मानंतर सुमारे सहा महिन्यांनी. पण त्याची घडण आईच्या पोटातच सुरू झालेली असते.

म्हणून आहारात दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा आणि हिरव्या पालेभाज्या असाव्यात. नाचणीची योग्यता आपल्या कोकणी आणि देशावरील आजीबाईंना चांगली ठाऊक होती. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दिल्लीत ती मडुआ या नावाने मागितली तर दुकानदाराला चटकन समजते. याखेरीज चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घ्यावी आणि प्रसूतीनंतरही सहा महिने ती चालू ठेवावी, असे २०१४ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. ही गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. लोहाचे पातळ औषध दिले असेल तर ते नळीने प्यावे आणि नंतर चूळ भरावी, म्हणजे दातांवर काळसर डाग पडत नाहीत.

उपचाराची भीती

आता मुख्य प्रश्न. गरोदरपणात दातांवर उपचार करावेत की नाही? याचे उत्तर संदिग्ध नाही. करावेत. तपासणी, दातांची स्वच्छता, किडलेला दात भरणे, रूट कॅनाल आणि आवश्यक असेल तर दात काढणे, हे सर्व गरोदरपणात करता येते. त्यातल्या त्यात चौथा ते सहावा महिना सोयीचा. तोवर मळमळ ओसरलेली असते आणि पोटाचा भारही फारसा झालेला नसतो. पण वेदना, सूज किंवा पू असेल तर सोयीच्या महिन्याची वाट पाहावयाची नसते. कोणत्याही महिन्यात त्वरित जावे. केवळ शोभेचे उपचार, उदाहरणार्थ दात पांढरेशुभ्र करून घेणे, तेवढे मागे ठेवावेत.

घरोघरी विचारल्या जाणाऱ्या शंका ठरलेल्या आहेत. दाढ बधिर करण्याच्या इंजेक्शनाने बाळाला अपाय होईल काय? दंतवैद्य नेहमी वापरतात ते लिग्नोकेन योग्य मात्रेत गर्भवतीला देता येते. क्ष-किरणांचे काय? दाताच्या चित्राला लागणारी किरणांची मात्रा अत्यल्प असते आणि किरणांचा झोत गर्भाशयापासून दूर, जबड्यापुरता असतो. निदानासाठी चित्र आवश्यक असेल तर ते नाकारू नये. कोणती औषधे चालतात? वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि जंतुसंसर्गासाठी ॲमॉक्सिसिलिन ही औषधे डॉक्टर या काळात देतात. उलटपक्षी टेट्रासायक्लिनने बाळाच्या घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडतात. ते घेऊ नये. आयब्रुफेन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. घरात पूर्वीच्या दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या असतात. त्यांतील एखादी उचलून तोंडात टाकण्याची सवय या दिवसांत घातक ठरू शकते. दात भरताना पारा असलेले चांदीचे मिश्रण न वापरता दुसरे साहित्य वापरण्यास सांगावे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२२ सालच्या निर्णयातही गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी ते टाळण्याचा आग्रह आहे. पूर्वीच भरलेली चांदी मात्र उगाच उकरून काढू नये.

खुर्चीवर पूर्ण उताणे निजल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीकडील मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि घेरी आल्यासारखे होते. उजव्या बाजूस कमरेखाली लहान उशी घेऊन डावीकडे कलते झाले की हा त्रास टळतो. आमच्या जावेला कुशीवर बसविले होते ते याचसाठी. दंतवैद्याकडे गेल्यावर आपण गरोदर आहोत हे, महिना कितवा आहे हे, आणि चालू असलेली औषधे, या तिन्ही गोष्टी आरंभीच सांगाव्यात.

या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९९६ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील ऑफेनबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, ज्या मातांच्या हिरड्यांचा विकार बळावलेला होता, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे अधिक होती. तेव्हा हिरड्या बऱ्या केल्या की अकाली प्रसूती टळेल, अशी आशा निर्माण झाली. पुढे २००६ साली अमेरिकेतच ८२३ गर्भवती स्त्रियांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही जणींच्या हिरड्यांवर गरोदरपणात उपचार केले गेले, काही जणींवर प्रसूतीनंतर. अकाली प्रसूतींच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परंतु ज्यांच्यावर गरोदरपणात उपचार झाले त्यांच्या हिरड्या सुधारल्या, आणि त्या उपचारांमुळे आईला वा बाळाला कोणताही अपाय झाला नाही. म्हणजे दातांच्या उपचाराने बाळ नक्की पूर्ण दिवसांचे होईल, असे आश्वासन कोणी देऊ नये. पण उपचाराने बाळाला धोका पोहोचेल, अशी भीतीही कोणी घालू नये. खरा धोका उपचार न करण्यात आहे. साचलेला पू, चढलेला ताप आणि आठवडाभर न गेलेले अन्न यांचा भार आई आणि बाळ या दोघांनाही सोसावा लागतो.

मशेरी आणि गुल

दातांच्या नावाखाली आपल्या घरांत चालत आलेल्या एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात. दिल्लीत आणि उत्तरेकडील राज्यांत तीच जागा गुलाने घेतली आहे. दोन्हींत तंबाखू असतो, आणि हिरडीवाटे तो रक्तात जातो. मशेरीने दात बळकट होतात हा भ्रम आहे. हिरडी काही काळ बधिर होते, म्हणून दुखणे थांबल्यासारखे वाटते, एवढेच. दुखऱ्या दाढेखाली तंबाखूची चिमूट धरणे, हा त्याच भ्रमाचा दुसरा प्रकार होय.

मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला गुप्ता आणि श्रीविद्या यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस पुरे होण्यापूर्वी प्रसूत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ सालीच कायद्याने मनाई झाली आहे. परंतु घरातील तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे घरच्या माणसांचा शब्दच उपयोगी पडतो. ज्या घरात सून मशेरी लावते, तेथे ती बहुधा सासूही लावीत असते. दोघींनी मिळून सोडली तर ती सुटणे सोपे जाते.

कोठे जावे?

२०१६ सालापासून चालत आलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. नऊ महिन्यांची आठवण म्हणून ही तारीख निवडली आहे. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि गर्भाची वाढ पाहिली जात असताना आपण होऊन एवढे म्हणावे : “माझे दातही कुणाला दाखवावयाचे आहेत.” प्रश्न विचारला गेला नाही म्हणून उत्तर अडवून ठेवू नये.

दिल्लीत मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे दंत शिक्षण व संशोधन केंद्र ही सार्वजनिक ठिकाणे आहेत. १९१६ साली स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी सुरू झालेले लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय दिल्लीतील कित्येक मराठी कुटुंबांना बाळंतपणामुळे परिचयाचे आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील कुटुंबांना १९५४ साली दिल्लीतच सुरू झालेल्या केंद्रीय आरोग्य योजनेचा आधार आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ सालापासून राबविला जात असून जिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सेची सोय वाढविणे हा त्याचा एक हेतू आहे. एका ठिकाणी “नंतर या” असे उत्तर मिळाले तर ते अखेरचे मानू नये; दुसऱ्या ठिकाणी जावे. आम्ही ते मानले, हीच आमची चूक झाली.

शक्य असेल तर मूल व्हावे असा विचार करतानाच दोघांनीही दात दाखवून घ्यावेत. तेवढे झाले नसेल तर दिवस राहिल्याचे कळल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत एकदा तपासणी करावी. यात पतीचाही वाटा आहे. रांगेत उभे राहणे, सोबत जाणे, घरी कोणी “आता दात कशाला?” असे म्हणाले तर शांतपणे उत्तर देणे, ही कामे त्याने आपली समजावीत.

बाळ आल्यानंतर

प्रसूतीनंतर रात्रीची जागरणे सुरू होतात आणि आईचे दात घासणे सर्वांत आधी मागे पडते. ते पडू देऊ नये. त्यात बाळाचेही हित आहे. दात किडविणारे जंतू बाळाच्या तोंडात जन्मतः नसतात. ते बहुधा आईच्या किंवा घरच्या माणसांच्या लाळेतून जातात. घास चावून भरविणे, आपल्या तोंडातला चमचा बाळाच्या तोंडात देणे, या त्यांच्या नेहमीच्या वाटा. आईच्या तोंडात कीड कमी, तर बाळाच्या वाट्यालाही ती कमी. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये, चोखणीला साखर वा गूळ लावू नये, आणि मध तर पहिल्या वर्षात चाटवूच नये. पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत, त्याला एकदा दंतवैद्याकडे नेऊन आणावे.

आमच्या जावेला यथाकाल मुलगी झाली. त्या दिवशी पू काढल्यावर पुढे दोन खेपांत तिच्या दाढेचे रूट कॅनाल पुरे झाले आणि दाढ वाचली. बाळंतिणीला डिंकाचा लाडू त्याच बाजूने चावून खाताना सासूबाई पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या तोंडातील रिकाम्या जागांवरून जीभ फिरविली आणि म्हणाल्या, “म्हणजे माझेही राहिले असते.” त्यावर आम्हां कोणाला काही बोलता आले नाही. त्यांच्या काळी जे त्यांना कोणी सांगितले नाही, ते आज आपल्याला ठाऊक आहे. घरात जी कोणी आज दोन जिवांची असेल, तिला हे वेळेवर सांगणे एवढेच आपल्या हाती उरते, आणि तेवढे पुरेसे आहे.